गोळी, पावडर की हायपो? हिशेब टँकरपासून धरा

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आलेलं एक पत्र घेतोय. थोडं आखडतं केलंय, आकडे मात्र पत्रातले तसेच ठेवलेत.

"नमस्कार. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची बारा एकर केळी आहे. तीन वर्षांपूर्वी मळ्यात कृषी पर्यटन सुरू केलं. हिवाळ्यात भरीत-पार्ट्या, उन्हाळ्यात पोहणाऱ्या पोरांची गर्दी. पूल दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी चार फूट खोल, म्हणजे ६० हजार लिटर पाणी. गेल्या वर्षी होळीपासून टीसीसीए ९० च्या गोळ्या टाकल्या. आखाजीपर्यंत पाणी काचेसारखं होतं. मग हिरवट व्हायला लागलं. गोळ्या वाढवल्या, किटमध्ये क्लोरीन ३ दाखवत होतं, तरी हिरवं ते हिरवंच. मेच्या मध्यावर अख्खा पूल रिकामा केला. बोअर आटलेली, १० हजार लिटरचे ६ टँकर घेतले, प्रत्येकी १,५०० रुपये. तोवर २० किलो गोळ्या संपल्या होत्या, ६ किलो अजून पडून आहेत. यंदाचे भाव असे मिळालेत: गोळी २६० रुपये किलो, हायपोचा (पातळ सोडियम हायपोक्लोराइटचा) ५० लिटरचा कॅन ९०० रुपये, टीसीएलची २५ किलोची गोणी ९०० रुपये, ६५ टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट २२० रुपये किलो, एसडीआयसी पावडर २३० रुपये किलो. ग्रामपंचायतीचा माणूस म्हणतो, टीसीएल टाका, त्याहून स्वस्त काही नाही. पुण्याचा भाचा म्हणतो, मिठावर चालणारं मशीन बसवा. टीसीएल आणि टीसीसीए एकच का? सगळा माल खताच्या खोलीत ठेवतो, चालेल ना? पूल सध्या रिकामा आहे, बोअरला पाणी आहे तोवर भरून घेणार. सगळ्यात स्वस्त काय पडेल तेवढं सांगा."

भाऊ, स्वस्त काय ते सांगतोच. पण खताच्या खोलीचं आधी, कारण बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबले तरी चालतात.

नाही चालणार. आजच हलवा. तुमच्या खोलीत युरिया असणार, अमोनियम सल्फेट असणार, कोपऱ्यात डिझेलचा कॅन आणि ठिबक धुवायचं आम्लही असणार. क्लोरीनच्या मालाचं यातल्या एकाशीही जमत नाही. फाटक्या गोणीतला युरिया गोळ्यांच्या चुऱ्यात सांडला आणि वरून ओल लागली, तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होतो, आणि तो स्फोटक आहे. डिझेल किंवा तेल लागलं तर माल आपोआप पेट घेऊ शकतो. आम्ल आणि हायपो एकत्र आले तर तिथल्या तिथे क्लोरीन वायू सुटतो. ठिबकच्या नळ्यांत आम्ल आणि क्लोरीन एकाच वेळी सोडू नका, असं तुम्हाला सांगितलेलं असेलच. कारण तेच आहे.

टीसीएल आणि टीसीसीए एकच का? नावं जुळी वाटतात, पण घराणी वेगळी. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, गावच्या विहिरीत टाकतात ती, चुन्याच्या कुळातली. टीसीसीए म्हणजे सायन्युरिक आम्लाला क्लोरीन बांधून केलेली गोळी. दोन्हींत क्लोरीन असलं तरी दोन्ही एकमेकांत मिसळले की तापतात, वायू सोडतात, आग लागते, स्फोटही होतो. माल वेगळ्या जागी ठेवाच, पण मगही वेगळा ठेवा. टीसीएल काढलेला ओलसर मग गोळ्यांच्या डब्यात घालणं, एवढी साधी चूक पुरते. मगावर रंगाने मोठं अक्षर काढा. मळ्यावरच्या माणसाला वाचता येत नसेल तर दोन रंगांचे मग घ्या.

आता हिशेब. भाव तुम्ही काढलेत, पण ते मालाच्या किलोचे. खत घेताना तुम्ही असं करत नाही. युरियात नत्र ४६ टक्के, अमोनियम सल्फेटमध्ये जेमतेम २१. दोन गोण्यांचा भाव सारखा असेल तर कोणती उचलायची, हे कोणाला विचारावं लागत नाही. क्लोरीनचंही तसंच आहे. गोळीत ९० टक्के, दाणेदार कॅल्शियमवाल्यात ६५, एसडीआयसीत ५६, चांगल्या टीसीएलमध्ये ३३ आणि ताज्या हायपोत १० टक्क्यांच्या आसपास. तुमचेच भाव या टक्क्यांनी भागले की एक किलो निव्वळ क्लोरीन असा पडतो: टीसीएल १०९ रुपये, हायपो १८०, गोळी २८९, कॅल्शियमवाला ३३८, एसडीआयसी ४११.

तुमच्या ६० हजार लिटरमध्ये क्लोरीन १ पीपीएमने (म्हणजे लिटरमागे १ मिलीग्रॅमने) वाढवायला ६० ग्रॅम लागतो. आपल्याकडच्या उन्हात रोज ३ पीपीएम खर्ची पडतो असं धरू, म्हणजे १८० ग्रॅम. २०० ग्रॅमची एक गोळी बरोबर तेवढंच देते. हायपो १.८ लिटर. टीसीएल साधारण ५५० ग्रॅम.

इथे थांबलो तर ग्रामपंचायतीचा माणूस जिंकला. पण गेल्या वर्षी तुमचं जे झालं ते या हिशेबात कुठेच दिसत नाही, आणि खरा पैसा तिथेच गेला.

गोळीतला क्लोरीन काम करून संपतो. ज्या सायन्युरिक आम्लाला तो बांधलेला असतो ते मात्र पाण्यात तसंच राहतं. ते उडत नाही, सडत नाही, गाळण्यात अडकत नाही. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात, आणि ते वाईट नाही. थोडं असावंच लागतं, कारण ते क्लोरीनला उन्हापासून राखतं. ते नसेल तर भर दुपारी तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उन्हातच जातो. पण ते जसजसं साठत जातं तसतसं क्लोरीनला मोकळं सोडेनासं होतं. साधा ठोकताळा असा: स्टॅबिलायझर जेवढा असेल त्याच्या साडेसात टक्के तरी मोकळा क्लोरीन हवा. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम पुरतो. १५० असेल तर ११ लागतो.

तुमच्या २० किलो गोळ्यांतून ११ किलो सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरलं. ६० हजार लिटरला ते १८० पीपीएमच्या वर जातं. अंगाबरोबर, उड्यांबरोबर आणि फिल्टर उलटा धुताना काही पाणी गेलं असेल, तरी दीडशेच्या आसपास आकडा उरलाच असणार. म्हणजे किटमधला ३ खरा होता, पण तो बेड्या घातलेला ३ होता. शेवाळाला त्याचं काय भय? तुम्ही गोळ्या वाढवल्या, म्हणजे बेड्याच वाढवल्या. दुकानदाराने सांगितलं नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका, त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

आता खर्च पुन्हा मांडा. गोळ्या यंदाच्या भावाने ५,२००. टँकर ९,०००. एकूण १४,२००, आणि त्यातून क्लोरीन मिळाला १८ किलो. २८९ रुपयांचा क्लोरीन तुम्हाला ७८९ रुपये किलोने पडला. पावसाच्या किंवा धरणाखालच्या मुलखात पाणी बदलणं फुकटात होतं, तिथे गोळी परवडत असेल. मे महिन्यात यावल-रावेर पट्ट्यात बोअर किती खोल जाते ते मी तुम्हाला काय सांगावं? आपल्याकडे क्लोरीन निवडताना पहिला प्रश्न हाच: याच्यापायी पूल कधी रिकामा करावा लागेल?

याच प्रश्नावर टीसीएल मागे पडते. ती पावडर पाण्यात क्लोरीनबरोबर कॅल्शियमही सोडते. तुमच्या बोअरचं पाणी आधीच जड, त्यात मेमध्ये रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं. तुमच्या पुलाला ते ५०० लिटर होतात. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार खाली राहतात, आणि त्यावर तुम्ही पुन्हा जड पाणी भरता. अशा पाण्यात टीसीएलची भर घातली की फरशीवर पांढरा थर, फिल्टरच्या वाळूचे गोळे आणि उन्हात दुधट दिसणारं पाणी ठरलेलं. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी तेवढी ओतली तर गाळ टळतो, पण निवळीत विरघळलेलं कॅल्शियम टळत नाही. शिवाय पावसाळी हवेत उघड्या गोणीची ताकद पाहता पाहता उतरते. ग्रामपंचायतीच्या माणसाचं चुकत नाही, विहिरीसाठी तो बरोबरच सांगतो. विहिरीचं पाणी रोज उपसलं जातं, तुमचं तेच पाणी तीन महिने फिरत राहतं.

दाणेदार कॅल्शियमवाला त्याचाच सुधारलेला भाऊ. गाळ कमी, पण ९० दिवस रोज ३ पीपीएम टाकलात तर पाण्याचा जडपणा पावणेदोनशे-दोनशे पीपीएमने वाढतो, आणि भाव तिप्पट. एसडीआयसी ही गोळीच्याच घराण्यातली पावडर, पटकन विरघळते एवढंच तिचं कौतुक. दर पीपीएमला गोळीपेक्षाही जास्त स्टॅबिलायझर सोडते. दोन्ही सोडून द्या.

भाच्याचं मशीन चांगलं असतं, पण तुमच्या मळ्यात नको. त्याला हजार लिटरमागे ३-४ किलो मीठ लागतं, म्हणजे तुमच्या पुलात २०० किलोच्या आसपास. जूनमध्ये ते खारं पाणी सोडणार कुठे? केळीला खारं पाणी सोसत नाही, हे भाच्याला पुण्यात बसून कसं कळावं? त्यात लोडशेडिंगमध्ये मशीन बंद, म्हणजे क्लोरीनही बंद.

राहिला हायपो. यात कॅल्शियम नाही, स्टॅबिलायझर नाही. मागे राहतं ते थोडं मीठ, आणि पूर्ण मोसमाचं धरलं तरी मशीनवाल्या मिठाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकंच. दोष एकच, पण तो खान्देशात मोठा आहे. हायपो उन्हाने उतरतो.

याचा चटका मी स्वतः खाल्लाय. धुळ्यात एका पुलाचं पाणी सांभाळायचो, तेव्हा कॅनमागे १०० रुपये सुटतात म्हणून मार्चमध्ये एकदम १२ कॅन उतरवून घेतले आणि पत्र्याच्या शेडमध्ये रचले. एप्रिलअखेर रोजच्या दोन लिटरच्या जागी चार लिटर ओतायला लागलो. मला वाटायचं, सुट्ट्या लागल्या, पोरं वाढली. मेमध्ये पाणी हिरवं झालं तेव्हा कॅनमधला माल तपासला. निम्मासुद्धा उरला नव्हता. १,२०० रुपये वाचवून अर्धा माल हवेत घालवला होता. तापमान दहा अंशांनी वाढलं की हायपो उतरण्याचा वेग तिपटीहून जास्त होतो, आणि पत्र्याखाली भुसावळ-जळगावच्या मेमध्ये काय तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे. १८० रुपयांचा क्लोरीन ५ टक्क्यांवर आला की ३६० रुपयांना पडतो, म्हणजे गोळीहूनही महाग.

म्हणून कॅन घेताना तपासून घ्या. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जारवाल्याकडून २० लिटरचा जार घ्या. मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणा. सिरिंजने ०.४ मिली हायपो काढून जारमध्ये सोडा, चांगलं हलवा आणि लगेच डीपीडी किटने मोजा. वाचन २ आलं तर माल १० टक्क्यांचा. १ आलं तर ५ टक्क्यांचा, आणि कॅन तिथूनच परत. मोजणी डीपीडीनेच करा, गुलाबी रंग येतो ती. ग्रामपंचायतीतल्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीचा पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, त्यातला मोकळा किती आणि घाण-घामाशी अडकलेला किती हे त्यात कळत नाही. आणि नंतर ते पाणी प्यायच्या माठात जाऊ देऊ नका. आमच्याकडे एकदा गेलं होतं, बायकोने दोन दिवस ऐकवलं.

मार्चमध्ये ५० लिटरचा कॅन पंचवीस दिवस चालवला तरी फार बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र दहा-बारा दिवसांपुरताच माल घ्या. सुटा मिळत नसेल तर शेजारचा ठिबकवाला गाठा. त्यालाही लॅटरलमधलं शेवाळ मारायला हायपो लागतोच, अर्धा कॅन त्याच्या गळ्यात घाला. आपला अर्धा सावलीत, गोठ्याच्या थंड बाजूला, माठाला गुंडाळतो तसं ओलं पोतं गुंडाळून ठेवा. लोखंडी डब्यात ओतू नका, गंजाने तो आणखी लवकर उतरतो. झाकण हवा सोडणारंच असू द्या, नाहीतर कॅन फुगतो.

आता तुमच्यासाठी माझी मांडणी. नुसता हायपो ओतलात तर स्टॅबिलायझरशिवाय ऊन त्याला दुपारपर्यंत खाऊन टाकेल. नुसती गोळी वापरलीत तर गेल्या वर्षीचंच पुन्हा होईल. म्हणून सुरुवात गोळीने करा आणि पुढचा मोसम हायपोवर काढा. तुमच्या पुलात एक गोळी पावणेदोन पीपीएमच्या थोडा वर स्टॅबिलायझर सोडते. २२ गोळ्या झाल्या की ४० पीपीएम. तिथे थांबायचं, रोजच्यासाठी एकही जास्त नाही. या तीन आठवड्यांत रोज एक गोळी तरंगत्या डब्यात, आणि गोळी सावकाश विरघळते म्हणून संध्याकाळी सोबत लिटर-दोन लिटर हायपोही. पहिल्या आठवड्यात जास्त लागेल, मग उतरत जाईल. तेविसाव्या दिवसापासून डबा बाहेर काढून वाळत घाला आणि रोज संध्याकाळी पोरं गेल्यावर पंप चालू ठेवून २ लिटर हायपो. रविवारी गर्दी झाली तर ३. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावूनच ओता. मोकळा क्लोरीन ३ च्या खाली जाऊ देऊ नका. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. तुमच्या बोअरच्या पाण्याने तो वर सरकेल, तेव्हा ठिबकचं आम्ल थोडं थोडं द्या, पण हायपो ओतल्यावर चार-पाच तासांनी आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला.

लोक म्हणतील, क्लोरीनचा वास येतोय, डोळे झोंबताहेत, कमी करा. तो वास बहुतेक वेळा अडकलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे मोकळा कमी पडलाय. पुलाजवळ एक फवारा बसवा आणि अंग धुतल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका. हायपो आपोआप वाचेल.

आणि वरून हिरवी शेडनेट ओढा, पन्नास टक्क्यांची. रोपवाटिकेची जुनी पडून असेल तर तीच. क्लोरीन उन्हाला कमी लागतो, पाणी कमी उडतं, पोरांची पाठ भाजत नाही. एवढ्या स्वस्तात तिन्ही कामं करणारं दुसरं काही मला माहीत नाही.

होळीपासून ९० दिवस धरले तर तुम्हाला हायपोचे चार, फार तर पाच कॅन लागतील. ३,६०० ते ४,५०० रुपये. गोळ्या विकत घ्यायच्याच नाहीत. गेल्या वर्षीच्या ६ किलो, म्हणजे ३० गोळ्या, कोरड्या राहिल्या असतील तर अजून कामाच्या आहेत. आखाजीच्या आधी एकदा स्टॅबिलायझरची चाचणी करा. काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत नळीत गढूळ पाणी ओतायचं असतं ती. आकडा ३० ते ५० मध्ये असला की झालं.

२२ गोळ्या सुरुवातीला गेल्या की ८ उरतील. त्या लग्नसराईसाठी ठेवा. घरातले सगळे वऱ्हाडात आणि संध्याकाळी हायपो ओतायला मळ्यावर कोणी नाही, अशा दिवशी सकाळीच एक गोळी तरंगत्या डब्यात सोडून जा.